कॉमन नावाच्या बाजूनं

“नाव युनिक हवं हं, कॉमन नको.” आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या हे वाक्य दिवसातून चारदा वाचायला मिळतंय. बारसं जवळ आलंय, यादी रोज वाढतेय आणि मी सुचवलेल्या नावाखाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या तोंडांची रांग लागली. मी सुचवलं होतं ‘वसंत’. ग्रुपवर तीन ओळींच्या वर लिहिलं की कुणी वाचत नाही, म्हणून भांडण इथे आणलंय. नातेवाईक मंडळी वाचतीलच (आणि मग फोन करतील, तेही ठीक आहे). बाकीच्या ब्लॉगवाल्यांनी आपापल्या घरातला ग्रुप डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे वेगळी पार्श्वभूमी सांगायला नको.

वसंतवर घेतलेले आक्षेप असे. नाव जुनाट आहे. बरं, जुनाट चालेल एक वेळ, पण कॉमन आहे. कॉमन नावाचा माणूस गर्दीत हरवतो. शिवाय सारख्या नावांनी गोंधळ होतात. आणि शेवटचा, सगळ्यात आधुनिक आक्षेप एका भाच्याचा: “मामा, गूगलवर नाव टाकलं की आपलंच पोरगं वर आलं पाहिजे.”

आता हरवण्याचंच बघू.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्या माणसाला रोज किती वसंत भेटत असतील याचा कधी विचार केलाय? पहिल्या पानावर वसंतराव नाईक. १९६३ ते १९७५, सलग अकरा वर्षांच्या वर मुख्यमंत्री. त्यांच्या शेजारच्याच रकान्यात वसंतदादा पाटील. १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेले, वसंतराव मुख्यमंत्री असताना प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष राहिलेले आणि १९७७ मध्ये स्वतः मुख्यमंत्री झालेले. म्हणजे सरकारचा प्रमुख वसंत आणि पक्षाचा प्रमुखही वसंत! दिल्लीत वसंत साठे, इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात नभोवाणी खातं सांभाळणारे. १९८२ च्या एशियाडच्या वेळी आपल्याकडे टीव्ही रंगीत झाला तो त्यांच्याच काळात.

पान उलटलं की नाटकांच्या जाहिराती. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, लेखक वसंत कानेटकर. ‘विच्छा माझी पुरी करा’, लेखक वसंत सबनीस. ‘कट्यार काळजात घुसली’, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. कविसंमेलनाच्या बातमीत वसंत बापट. दिवाळी अंकात वसंत सरवट्यांची चित्रं आणि वसंत पुरुषोत्तम काळ्यांची कथा. क्रिकेटच्या पानावर वेगवान गोलंदाज वसंत रांजणे. विज्ञानाची बातमी असेल तर वसंत गोवारीकर, ज्यांनी १९८८ साली सोळा घटकांवरून मॉन्सूनचा अंदाज बांधायचं प्रारूप आणलं. (वसंतानं पावसाचं भाकीत करावं हे मला अजूनही गमतीचं वाटतं.)

रेडिओ लावावा तर मराठी संगीतात एकाच काळात तीन वसंत. ‘सांगत्ये ऐका’चे वसंत पवार. सावळारामांच्या शब्दांना चाली देणारे वसंत प्रभू. आणि वसंत देसाई, ज्यांची ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘गुड्डी’ मधली गाणी देशभर शाळांच्या प्रार्थनेत जाऊन बसली. आपल्या सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांवर व्ही. शांतारामांनी १९४६ साली काढलेल्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’चं संगीतही देसायांचंच. तिघांची धाटणी इतकी वेगळी की चार ओळी ऐकल्या की जाणकार सांगतात हा कोणता वसंत.

यातला कोण हरवला? एकाचं तरी नाव सांगा की जो ‘वसंत’ असल्यामुळे गर्दीत गडप झाला. उलट मराठी भाषेनं प्रत्येकाला आपापली खुर्ची दिली. एक ‘राव’ झाला, एक ‘दादा’ झाला. राजकारणात नुसतं ‘दादा’ म्हटलं की त्या काळी सांगलीचेच. काळे तर ‘वपु’ झाले, त्यांच्या नावात वसंत आहे हेही अर्ध्या वाचकांच्या लक्षात नसतं. डहाके कवितेखाली वसंत आबाजी असं वडिलांच्या नावासकट पूर्ण लिहितात. आद्याक्षरं, आडनाव, गाव, राव, दादा, अण्णा, मास्तर एवढा सरंजाम असणाऱ्या भाषेला सारख्या नावांची भीती का वाटावी?

आणि हे फक्त वसंतचंच नाही. शंकरराव घ्या. एक शंकरराव चव्हाण नांदेडचे, एक शंकरराव मोहिते-पाटील आपल्या अकलूजचे. कोपरगावात तर शंकरराव कोल्हे आणि शंकरराव काळे, दोघेही साखर कारखानदारीतले आणि दोन्ही घराण्यांची राजकारणात पिढीजात चुरस. तिथल्या शेतकऱ्यानं आपला ऊस चुकून दुसऱ्याच शंकररावांच्या कारखान्याला घातला असं झालेलं नाही! बायकांत बघायचं तर सुलोचना. पडद्यावरची आई म्हटलं की सुलोचनादीदी आणि फडावरची लावणी म्हटलं की सुलोचना चव्हाण. एक २०२३ मध्ये गेल्या, दुसऱ्या त्याच्या आदल्या वर्षी डिसेंबरात. दोन्ही वेळा ‘सुलोचना गेल्या’ एवढंच ऐकून लोकांनी विचारलं, “कोणत्या?” एका शब्दात उत्तर मिळालं आणि प्रत्येकानं बरोबर त्याच बाईची गाणी किंवा त्याच बाईचे सिनेमे आठवले.

आता कुणी म्हणेल, हे आपल्याकडचं झालं, तिकडे अमेरिकेत बघा कशी एकेक वेगळी नावं असतात. (आमच्या ग्रुपवरचे दोघे तिथूनच बोलतात, म्हणून हा उल्लेख.) तर तिकडचं ऐका. अमेरिकेचं सोशल सिक्युरिटी खातं १८८० पासूनच्या बाळांच्या नावांच्या याद्या प्रसिद्ध करतं. त्यात १९४७ साली ‘लिंडा’नं ‘मेरी’ला मागे टाकून पहिला नंबर पटकावला आणि पुढची काही वर्षं सोडला नाही. म्हणजे महायुद्धावरून परतलेल्या बापांनी युनिक नाव शोधलं नाही, शेजारच्या घरात ठेवलेलं नाव ठेवलं. आणि १९७३ साली वॉटरगेटच्या चौकशीत अख्खा देश टीव्हीपुढे बसला तेव्हा पडद्यावर कोण होतं? राष्ट्राध्यक्षांचा वकील जॉन डीन. त्यांचा सल्लागार जॉन एर्लिकमन. माजी अ‍ॅटर्नी जनरल जॉन मिचेल. आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत जॉन सिरिका! शिवाय व्हाइट हाऊसमध्ये बॉब हाल्डेमन आणि त्याच्यामागे हात धुऊन लागलेला वार्ताहर बॉब वुडवर्ड. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या राजकीय भानगडीत चार जॉन आणि दोन बॉब होते. कोणत्या जॉननं काय सांगितलं, कोण तुरुंगात गेला आणि कोणी शिक्षा सुनावली याबद्दल तिथल्या सामान्य प्रेक्षकाचा काडीचा गोंधळ झाला नाही. लक्ष देऊन बघत होते ना!

गोंधळाच्या आक्षेपावर माझं उत्तर हेच आहे. सारख्या नावानं गोंधळ होत नाही. लक्ष न दिल्यानं होतो, किंवा कुणीतरी मुद्दाम केल्यानं होतो.

आपल्याच जिल्ह्यातलं अक्कलकोट घ्या. सिद्धरामेश्वर हे सोलापूरचं ग्रामदैवत, त्यामुळे सिद्धाराम, सिद्राम, सिद्रामप्पा, सिद्धेश्वर ही नावं आपल्याकडे पायलीला पन्नास. तळं सिद्धेश्वर, साखर कारखाना सिद्धेश्वर, मुंबईला जायची रात्रीची गाडीही सिद्धेश्वर एक्सप्रेस. पलीकडे कर्नाटकात सिद्धरामय्या म्हणून गाजले त्यांच्या नावाचा गाभाही तोच. तर अक्कलकोट विधानसभेला एका बाजूला भाजपचे सिद्रामप्पा पाटील आणि दुसऱ्या बाजूला काँग्रेसचे सिद्धाराम म्हेत्रे. २००९ मध्ये सिद्रामप्पा जिंकले, २०१४ मध्ये सिद्धाराम जिंकले. एकाच देवाच्या नावाची दोन माणसं, मतदार अर्धे मराठी बोलणारे अर्धे कन्नड बोलणारे, आणि तरीही निकालानंतर ‘नावामुळे मतं फिरली’ अशी तक्रार नाही. गावागावातल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होतं की हा कोणता सिद्राम. (पुढे २०१९ आणि २०२४ मध्ये तिथून सचिन कल्याणशेट्टी निवडून आले. पिढी बदलली की नावाची लाट बदलते ती अशी. सचिनकडे येतोच आहे.)

आता याच्या उलट रायगड. २०१४ च्या लोकसभेला राष्ट्रवादीचे सुनील तटकरे शिवसेनेच्या अनंत गीत्यांकडून २,११० मतांनी हरले. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मतं मिळाली. त्याआधी दहा वर्षं, २००४ साली केरळात आलप्पुळ्याला व्ही. एम. सुधीरन १,००९ मतांनी पडले आणि व्ही. एस. सुधीरन नावाच्या अपक्षाला ८,२८२ मतं पडली. २०२४ मध्ये रायगडात तटकरे आणि गीते पुन्हा समोरासमोर आले, तर या वेळी अनंत गीते नावाचे आणखी दोघे यादीत! आता मला सांगा, यात दोष ‘सुनील’ या नावाचा, की नावाची मोळी बांधून बाजारात आणणाऱ्यांचा?

काहींनी मग थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं, की अशा नामसाधर्म्याच्या उमेदवारांना आळा घाला. मे २०२४ मध्ये न्यायालयानं त्यात पडायला नकार दिला. मुद्दा साधा होता: आईवडिलांनी एखाद्या पुढाऱ्याचं नाव ठेवलं म्हणून त्या पोराचा निवडणूक लढवायचा हक्क कसा काढून घ्यायचा? मला हे फार आवडलं. नाव कुणाच्या मालकीचं नसतं हे कोर्टात ऐकायला मिळालं. आणि उपाय काय, तर तो आधीपासून आहेच. १९६१ च्या निवडणूक नियमांत लिहिलंय की सारख्या नावाचे उमेदवार असतील तर व्यवसाय किंवा राहण्याचं ठिकाण लावून वेगळे दाखवा. २०१५ पासून तर मतदान यंत्रावर फोटोही लागतो. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही कळलं की नावं बदलायची नसतात, चेहरे दाखवायचे असतात.

आणि नावं वेगळी असली की गोंधळ टळतो, हा भ्रमही काढून टाका. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. त्यांचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. यादीत खाली एका अपक्षाला नुसत्या ‘तुतारी’चं, म्हणजे आपण जिला पिपाणी म्हणतो त्या वाद्याचं चिन्ह मिळालेलं. त्याला पडली ३७,०६२ मतं. त्याचं नाव वेगळं, आडनाव वेगळं, काही म्हणजे काही सारखं नव्हतं. ज्याला फसवायचंय तो नावावाचून अडत नाही.

तिसरी गोष्ट घरातली. आमच्याच एका नातेवाइकाला एका बँकेतून (तिचं नाव घेत नाही) महिनाभर फोन येत होते की तुमचे हप्ते थकलेत. थकले होते त्याच नावाच्या दुसऱ्या गृहस्थांचे. ग्रुपवर हे उदाहरण माझ्याविरुद्ध वापरलं गेलं, म्हणून त्याचं उत्तर देतो. त्या बँकेकडे जन्मतारीख होती, पत्ता होता, पॅन नंबर होता, वडिलांचं नाव होतं. त्यांनी बघितलं फक्त नाव. अर्धं मिनिट वाचवण्यासाठी एका माणसाची महिनाभर झोप उडवली. आणि आपण काय निष्कर्ष काढतोय, तर पुढच्या पोराचं नाव बँकेच्या सोयीचं ठेवूया!

२०२५ मध्ये मतदार याद्यांवरून जो गदारोळ झाला त्याचाही इथे संबंध आहे. दुबार मतदार असू नयेत, याबद्दल कुणाचं दुमत नाही, माझंही नाही. स्थानिक निवडणुकांआधी राज्य निवडणूक आयोगानं संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे लावायचं ठरवलं आणि अशा मतदारांकडे खात्री करून घ्यायची असं सांगितलं. ‘संभाव्य’ हा शब्द महत्त्वाचा. ज्या शहरात सिद्राम नावाची माणसं हजारांनी आहेत, तिथे संगणकाला दोन सिद्राम म्हणजे एकच माणूस वाटू शकतो. तो एक की दोन, हे गल्लीत जाऊनच कळतं. कुणीतरी जिने चढायला हवेत. तारा लावणं स्वस्त आहे, जिना चढणं महाग. माझी भीती एवढीच आहे की हळूहळू आपण जिने चढायचं सोडून देऊ आणि मग सारखी नावं असणं हाच गुन्हा ठरेल.

गूगलवाल्या भाच्याकडे वळतो. बाळा, आपलं पोरगं गूगलवर पहिलं दिसणं हे दर वेळी सुखाचं असतं असं कोण म्हणालं? शाळेतली एखादी मारामारी, विशीत लिहिलेली एखादी मूर्ख ओळ, एखादी खोटी तक्रार, हेही पहिलंच दिसेल. अख्ख्या जगात त्या नावाचा तो एकटाच असेल तर लपायला जागा कुठे? कॉमन नाव हे जुन्या वाड्यासारखं असतं. आत माणसं पुष्कळ असल्यामुळे प्रत्येकाला थोडा आडोसा मिळतो.

कॉमन नावाची एक मोठी ताकद आपल्या लक्षातच येत नाही. ते नाव बदनाम होत नाही. गांधीजींच्या खुनाच्या खटल्यात १९४८ साली जे आरोपी उभे होते त्यांची नावं बघा: नारायण, विष्णू, गोपाळ, शंकर, दत्तात्रय, विनायक. यांतले काही फाशी गेले किंवा तुरुंगात गेले, काही निर्दोष सुटले. यांतलं एकही नाव महाराष्ट्रानं टाकलं नाही. नारायण आणि विष्णू तर घराघरात राहिले, कारण ही नावं इतक्या माणसांची होती की एकाच्या कृत्यानं ती काळवंडणं शक्यच नव्हतं. पण नथुराम? तो खरा रामचंद्र, लहानपणी नाकात नथ घातली म्हणून नथुराम झालेला. रामचंद्र टिकलं. नथुराम नाव ठेवलेलं पोर मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. दुर्मीळ नावाला एका माणसाचं ओझं पेलत नाही. कॉमन नाव मुख्यमंत्री पेलतं, मारेकरीही पेलतं आणि परत पाळण्यात जाऊन बसतं.

सचिनचंही तेच. सचिन देव बर्मनांवरून तेंडुलकरांच्या घरात १९७३ साली ते नाव आलं, आणि त्यानंतरच्या पिढीत किती घरांत आलं हे आपण सगळ्यांनी शाळेच्या हजेरीत ऐकलंय. त्याआधीच पिळगावकर होतेच. पुढे सचिन खेडेकर, सचिन कुंडलकर, राजस्थानात सचिन पायलट. २०२१ मध्ये पोलीस अधिकारी सचिन वाझेंना अटक झाली आणि ते नाव कित्येक आठवडे रोज पहिल्या पानावर होतं. त्यामुळे कुठल्या सचिनला ऑफिसात कुणी तिरक्या नजरेनं पाहिलं? कुणीच नाही.

आता जो मुद्दा मला सगळ्यात जवळचा वाटतो त्यावर येतो. इथे थोडं कडू बोलणार आहे.

सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. १९३० च्या मार्शल लॉनंतर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी दिलं. फासावर चौघं एकत्र गेले, पण नुसती नावं वाचली तरी प्रत्येकाची गल्ली, घरातली भाषा आणि देव आपल्याला कळतो. आपल्या शहराची ती श्रीमंतीच आहे, नाही म्हणत नाही. पण त्याच श्रीमंतीनं जागा भाड्यानं देताना, पोराला नोकरीवर ठेवताना, मुलगी दाखवताना काय केलंय हेही सोलापूरकराला सांगायला नको.

‘वसंत’ हे नाव तसं नव्हतं, आणि मला तेच त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं. वसंतराव नाईक बंजारा समाजातले. वसंतदादा मराठा शेतकऱ्याच्या घरातले. वसंत मून नागपूरच्या दलित वस्तीत वाढले, ‘वस्ती’ नावाचं आत्मचरित्र लिहिलं आणि बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड संपादित केले. वसंतराव हे देशपांडे होते आणि कानेटकरही होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जन्मलेल्या या पोरांना त्यांच्या आईबापांनी एका ऋतूचं नाव दिलं. त्यात ना कुळदैवत, ना गाव, ना जात. हजेरी घेणाऱ्या मास्तरला ‘वसंत’ एवढंच ऐकून कळत नसे की हा कुठल्या आळीतला. आडनाव आलं की कळे, हे खरं. पण निदान अर्धं नाव तरी सगळ्यांचं एक होतं.

याला मर्यादा होती. मुसलमान घरात वसंत नव्हता. पद्मशाली घरांत नरसय्या आणि व्यंकटेश जास्त. तिथे हे काम टोपणनावांनी केलं: बाबू, राजू, मुन्ना. गिरणीच्या फाटकावर ‘ए बाबू’ म्हटलं की चार धर्मांची चार डोकी वळायची. म्हणजे जिथे पाळण्यातलं नाव एक होऊ शकलं नाही तिथे लोकांनी हाक एक केली.

आणि आत्ताची ‘युनिक’ नावं? वरवर बघता त्यांनाही जात नाही असं वाटतं. जरा थांबून बघा. ती नावं उच्चारायला कोणत्या शाळेत जावं लागतं? त्यांचा अर्थ कुठल्या कोशात सापडतो? बारशाला आलेल्या कामवाल्या मावशींना ते नाव एका दमात घेता येतं का? वसंत हाक मारायला सोपा होता, मालकाला आणि गड्यालाही. आताचं नाव हे बऱ्याचदा घराच्या ऐपतीची पाटी असते. त्यातून अंकशास्त्रवाला येतो आणि सांगतो की इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा ‘ए’ टाका, भाग्य उजळेल. मग आयुष्यभर आधारवर एक ए, पॅनवर दोन, आणि पोरगं प्रत्येक खिडकीवर सांगत उभं, “नाही नाही, डबल ए.” गोंधळ टाळायला निघाला होतात ना?

माझा राग वेगळ्या नावावर नाही, कारण नसलेल्या वेगळ्या नावावर आहे. वर कोटणीसांचा उल्लेख आला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, युद्धात जखमींची सेवा केली, तिथेच लग्न केलं आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्याच वर्षी त्यांना मुलगा झाला होता. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्या नावासारखं नाव सोलापुरात दुसरं नसेल आणि त्याला मी कधी हसणार नाही. गावसकरांनी मुलाचं नाव रोहन जयविश्व ठेवलं तेही असंच. रोहन कन्हायचा रोहन, जयसिंहाचा जय आणि विश्वनाथचा विश्व. तीन खेळाडूंचं ऋण एका नावात. रोहन आता कॉमन झालंय, पण त्या घरात ते कुणाकडून आलं ते माहीत आहे.

आणि ही कॉमन नावं आपल्याच घरात कशी राहत होती ते विसरू नका. आजोबा वसंत गोविंद, तर नातू गोविंद वसंताचा मुलगा पुन्हा वसंत. एक पिढी सोडून तेच नाव, कारण थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायचं अशी रीत. मग सुनेची पंचाईत. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि पोराला तर हाक मारायची! म्हणून पोराचा ‘बाळ’ व्हायचा, ‘नाना’ व्हायचा, ‘अप्पा’ व्हायचा. एकाच वाड्यात दोन वसंत, आणि चार वर्षांच्या पोरालाही माहीत की कुठल्या हाकेला कोण ‘ओ’ देतं. त्याच सुनेचं स्वतःचं नाव मात्र लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीनं बदलून टाकलेलं असायचं, ते युनिक आहे का हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या घरातल्या गेल्या चार पिढ्यांची यादी मी काल काढली. त्यात वसंत तीन, गोविंद दोन, आणि ज्यांची माहेरची नावं आता कुणालाच सांगता येत नाहीत अशा सहा बायका. कुणाला त्यातलं एखादं ठाऊक असेल तर ग्रुपवर टाका. यादीत घालायला मला ती चालतील, कितीही कॉमन असली तरी.